डोळा मिचकावल्याची संहिता कुठून आणू? – रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेत मी बावीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. म्हणजे विंगेत मोडक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात टॉर्च, आणि नट अडला की हळू आवाजात पुढचा शब्द सोडायचा. नाटक मी कधी समोरून पाहिलंच नाही. कागदावरून पाहिलं, आणि कानाने.

एकदा स्पर्धेच्या प्रयोगात एक साधं वाक्य होतं. घरी पाहुणा आलाय, सून चहाचा ट्रे घेऊन येते आणि विचारते, “साखर किती घालू?” एवढंच. तालमीत शंभर वेळा झालेलं. त्या दिवशी आमच्या नटीने ट्रे खाली ठेवला, पाहुण्याकडे पाहिलं, मग सावकाश पाहुण्याच्या बायकोकडे पाहिलं, आणि मग विचारलं. थिएटर कोसळलं. इतका हशा, की पुढची चार वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत. मी विंगेत टॉर्च मारून कागद शोधतोय की माझं पान चुकलं का! पान बरोबर होतं. वाक्य तेच होतं. तुमचं मंडळ प्रयोगाआधी संहिता वाचून प्रमाणित करतं, त्या प्रमाणित प्रतीत त्या ओळीला आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं आणि आजही नाही. पण त्या चहात साखरेशिवाय बरंच काही पडलं होतं, हे सभागृहातल्या आठवीतल्या पोरालाही कळलं.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडलाय, तो तुम्हाला विचारायचा आहे. पण थेट विचारला तर तुम्ही म्हणाल, कोण हा उपटसुंभ. म्हणून साक्षीदार आणलाय. शंभर वर्षांपूर्वी वारलेली बाई आहे, लंडनची, रंगमंचावर विनोदी गाणी म्हणणारी. तिचं नाव मारी लॉइड. लंडनचे लोक तिला ‘आवर मारी’ म्हणत. आपली मारी.

मारीचं खरं नाव मटिल्डा वुड. जन्म १२ फेब्रुवारी १८७०, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. म्हणजे दाटीवाटीची, हातावर पोट असलेली वस्ती. बाप कागदाकापडाची फुलं बनवायचा आणि संध्याकाळी ‘ईगल’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात वेटरचं काम करायचा. आई शिवणकाम करायची. नऊ भावंडांत ही थोरली. नऊ-दहा वर्षांची असताना हिने धाकट्या भावंडांना गोळा करून एक मेळा काढला, आईने त्यांचे कपडे शिवले, आणि ही पोरं धर्मादाय सभागृहांतून गाणी म्हणत फिरू लागली. कसली गाणी? दारूबंदीची! दारू पिऊ नका, संसार वाचवा. ही गोष्ट लक्षात असू द्या, शेवटी कामाला येणार आहे.

९ मे १८८५ रोजी, पंधराव्या वर्षी, बाप जिथे ग्लास उचलायचा त्या ‘ईगल’च्याच रंगमंचावर ती पहिल्यांदा एकटी उभी राहिली. आधी स्वतःच्या नावाने, मग ‘बेला डेलमेअर’ असं भरजरी नाव घेऊन, आणि शेवटी मारी लॉइड म्हणून. आडनाव उचललं ते त्या वेळच्या एका खपाऊ साप्ताहिकाचं, ‘लॉइड्स वीकली’चं. पहिलं गाजलेलं गाणंही उचललेलंच. माझा प्रियकर वर गॅलरीत बसलाय, अशा आशयाचं ते गाणं मुळात नेली पॉवर या गायिकेसाठी लिहिलं गेलं होतं. मारीने ते सरळ आपलं करून टाकलं. हा काही सद्गुण नव्हे. पण वरच्या स्वस्त तिकिटातल्या प्रत्येक पोराला वाटायला लागलं की ही बोट दाखवतेय ते आपल्याकडे, आणि मग गाणं मूळ कुणाचं हे विचारायला कोण थांबतो?

म्युझिक हॉल म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण नाव ऐकून कुणाला सवाई गंधर्व आठवेल. गुत्त्याच्या मागच्या खोलीत सुरू झालेला हा प्रकार. समोर लोक खातायत, पितायत, ओरडतायत. रंगमंचावर एकामागून एक कलाकार येतायत: गाणारा, नक्कल करणारा, कसरतवाला, कुत्री नाचवणारा. प्रत्येकाला ठरावीक मिनिटं, त्याला ‘टर्न’ म्हणायचे. नावाजलेला कलाकार एका रात्रीत तीन-चार हॉल करायचा, एका ठिकाणचा रंग तोंडावर असतानाच घोडागाडीत बसून दुसरीकडे. आणि धृपद आलं की सगळं सभागृह गायचं. आपल्याकडे फडावर ढोलकी तापली की मागच्या रांगेतला गडीही ‘जी जी’ करतो, साधारण तसंच समजा.

आता मुद्द्याकडे येतो. इंग्लंडात नाटकांसाठी सेन्सॉर होता. १८४३ च्या कायद्याने प्रत्येक नव्या नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे आधी पाठवावी लागे. म्युझिक हॉल मात्र त्याच्या कक्षेत नव्हते. त्यांचा परवाना स्थानिक अधिकाऱ्यांकडे, आणि १८८९ पासून लंडन काउंटी कौन्सिलकडे होता. कौन्सिलने निरीक्षक नेमले. हे गृहस्थ हॉलमध्ये जाऊन बसायचे, कार्यक्रम पाहायचे आणि अहवाल लिहायचे. मला त्या निरीक्षकांची फार दया येते, कारण त्यांचं काम आणि माझं काम सारखंच, कागद आणि रंगमंच यांच्या मधोमध बसायचं. मारी समोर उभी राहून रेल्वेचं गाणं म्हणतेय. खेड्यातली पोरगी पहिल्यांदा आगगाडीने लंडनला निघालीय आणि तिचं तिकीट याआधी कधी कुणी पंच केलेलं नाही, एवढीच गाण्याची गोष्ट. सभागृह खुर्च्यांवरून घसरतंय. बिचारा निरीक्षक अहवालात काय लिहिणार? “कलाकाराने रेल्वे तिकिटाविषयी गीत सादर केले. प्रेक्षक हसले.”

दुसरं गाणं ‘ओ, मिस्टर पोर्टर’, १८९२ चं. पोरगी चुकीच्या गाडीत बसली. जायचं होतं बर्मिंगहॅमला आणि गाडी निघाली क्रूला. ती हमालाला विनवतेय, मला लवकरात लवकर लंडनला परत पाठवा हो. शब्द आज कुठल्याही बालवाडीत शिकवता येतील. पण मुलगी घरापासून फार लांब गेली म्हणजे कुठवर गेली, हे मारीच्या भुवया सांगायच्या. तिचे पुढचे दात थोडे पुढे आलेले, केस सोनेरी, डोक्यावर परडीएवढी टोपी, हातात छत्री. आणि ऐन ओळीच्या शेवटी एक डोळा मिचकावणं. ते मिचकावणं इतकं प्रसिद्ध झालं की त्याच्यावरही एक गाणं निघालं. आपल्या लावणीत शाहीर उसाच्या फडाबद्दल आणि त्यात शिरलेल्या कोल्ह्याबद्दल बोलतो, तेव्हा शेतीखातं कधी हरकत घेत नाही, त्यातलीच ही गत.

तेव्हा लंडनमध्ये समाज शुद्ध करण्याची मोहीम जोरात होती. १८९४ साली लॉरा ऑर्मिस्टन चँट या बाईंनी लेस्टर स्क्वेअरच्या ‘एम्पायर’ थिएटरविरुद्ध तक्रार केली. तिथे बसण्याच्या जागेमागे फिरण्यासाठी मोकळा सज्जा होता आणि त्यात वेश्याव्यवसाय चालायचा. खरं सांगायचं तर चँटबाईंची मी टिंगल करणार नाही. त्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं, आणि त्या बायकांच्या जिवावर थिएटरमालक पैसा करत होते हेही खरं. कौन्सिलने सज्जा आणि दारूचे बार यांच्यामध्ये आडोसे उभारायला लावले. थोड्याच दिवसांत तरुणांच्या टोळक्याने ते आडोसे मोडून टाकले. त्या टोळक्यात सँडहर्स्टच्या लष्करी शाळेतला एक एकोणीस वर्षांचा कॅडेट होता आणि त्याने तिथे भाषणही ठोकलं. त्याचं नाव विन्स्टन चर्चिल. पुढे त्यांनी भाषणं बरी केली म्हणतात.

१८९६ मध्ये ‘ऑक्सफर्ड’ म्युझिक हॉलच्या परवान्याच्या वेळी मारीच्या एका गाण्यावर आणखी एका बाईंनी तक्रार केली. त्या गाण्यात एक लहान मुलगी आहे. ती रस्त्यात जे दिसेल त्याबद्दल आईबापाला विचारते, “हे कशासाठी असतं, हं?” आईबाप उत्तर देत नाहीत. मग ती शेजारच्या जॉनी जोन्सला विचारते आणि म्हणते, आता मला कळलं. झालं! यात छापील शब्दांत सापडण्यासारखं काय आहे? लहान मुलीचा प्रश्न. तक्रार करणाऱ्या बाईंना जे दिसलं ते कागदावर नव्हतंच. ते दिसायला आधी त्यांच्या डोक्यात असावं लागतं, असं म्हणणार होतो, पण ते अर्धसत्य झालं. ते मारीच्याही डोक्यात होतं, आणि ऐकणाऱ्या दोन हजार डोक्यांतही. मधल्या मोकळ्या जागेत विनोद व्हायचा. तिथे शिक्का मारता येत नाही.

यावर एक किस्सा सांगतात. परवाने देणाऱ्या समितीने म्हणे तिला समोर बोलावलं आणि गाणी म्हणायला लावली. तिने आपली ‘बदनाम’ गाणी शाळकरी पोरीसारखी, हात मागे बांधून, सरळ म्हणून दाखवली. समिती गोंधळली, आक्षेपाला जागाच उरली नाही. मग ती म्हणाली, आता तुमच्या घरात तुमच्या मुली दिवाणखान्यात जे म्हणतात ते म्हणते, आणि राजकवी टेनिसनचं ‘कम इन्टू द गार्डन, मॉड’ सुरू केलं. बागेत ये, मॉड, एवढं एक भावगीत. पण तिने ते अशा नजरा, असे उसासे आणि अशा थांबण्यांसह म्हटलं की समितीतल्या सद्गृहस्थांचे कान लाल झाले. किस्सा झकास आहे, पण मी प्रॉम्प्टर आहे, तारखा तपासायची खोड आहे. काही जण या किश्शात तिचं जे गाणं घालतात ते १९१५ चं आहे! म्हणजे एकोणीस वर्षांनंतर येणारं गाणं तिने समितीपुढे म्हटलं. तेव्हा तो दरबार असाच्या असा भरला नसणार. तरी शंभर वर्षं लोक तो सांगतायत, कारण हॉलमध्ये रोज रात्री जे घडत होतं तेच त्यात समितीपुढे घडतं.

इंग्रज सरकारला हाच धडा त्याच काळात आपल्याकडेही मिळत होता. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा त्यांनी केला तो इथल्या नाटकांना लगाम घालायला. १९०७ साली खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगमंचावर आलं. कथा महाभारतातली, पात्रं महाभारतातली, सगळं विराटाच्या नगरीत. पण प्रेक्षकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि सैरंध्रीत छळलेला देश. १९१० मध्ये बंदी आली. बंदी घालताना सरकारची पंचाईत काय झाली असेल याचा विचार करा: कुठली ओळ खोडायची? व्यासांची? लंडनमध्ये डोळा मारणारी बाई आणि मुंबई-पुण्यात गदा फिरवणारा भीम, दोघांनीही कागद कोरा ठेवला होता.

इंग्रज शिकले, फार उशिरा का होईना. १९६८ साली कायदा करून त्यांनी लॉर्ड चेंबरलेनकडून नाटकं तपासण्याचं काम काढून घेतलं. आपण मात्र तपासतोच आहोत. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३३ खाली जे १९६० चे नियम आहेत, त्यांच्या नावातच ‘मेळे आणि तमाशे’ आहेत. बाबूराव सोंगाड्या रोज रात्री वेगळं बोलतो, गवळणीतली मावशी समोर बसलेल्या सरपंचाच्या फेट्यावरून जे बोलते ते दुसऱ्या गावात बोलता येत नाही, आणि आपण त्यांची संहिता आधी मागतो. नाटकवाल्यांचंही तेच. ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वतपासणीलाच न्यायालयात आव्हान दिलं. ते कायद्याचं बोलतात, घटनेचं बोलतात, आणि बरोबर बोलतात. माझं म्हणणं त्याहून खालच्या पायरीवरचं आहे. मी म्हणतो, हे काम होतच नाही हो! जे तुम्ही शोधताय ते त्या कागदात राहतच नाही.

मारीकडे परत येतो. तिची खरी ताकद मला कळली ती गाण्यांतून नाही, १९०७ च्या संपातून. म्युझिक हॉलच्या मालकांनी जादा खेळ लावायला सुरुवात केली होती, त्याच पगारात. जानेवारीत हॉलबॉर्नच्या एम्पायरमधून कलाकारांनी, वादकांनी आणि पडदे ओढणाऱ्या कामगारांनी संप सुरू केला. मारी तेव्हा शिखरावर होती. तिच्या अटी मालक निमूट मान्य करत. तिचं काहीच अडलं नव्हतं. तरी ती थिएटरबाहेर उभी राहून पत्रकं वाटत होती, निधी गोळा करायला गात होती, कारण आठवड्याला दोन-तीन पौंडांवर राबणारा साथीदार एकटा लढू शकत नाही हे तिला हॉक्स्टनमुळे ठाऊक होतं. संप फोडून आत कामाला निघालेल्या बेल एलमोर नावाच्या बेताच्या गायिकेला इतर लोक अडवू लागले, तेव्हा मारी म्हणाली म्हणे, जाऊ द्या तिला आत, ती गायला लागली की हॉल आपोआप रिकामा होईल. (हीच ती बेल एलमोर, जिच्या खुनाबद्दल १९१० मध्ये नवरा डॉ. क्रिपन फासावर गेला.) शेवटी जॉर्ज अ‍ॅस्क्विथ यांच्या लवादाने वादकांना किमान वेतन दिलं, कामाच्या तासांवर मर्यादा आली.

मालक लोक अशी गोष्ट विसरत नाहीत. १ जुलै १९१२ रोजी राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यासमोर पॅलेस थिएटरमध्ये म्युझिक हॉलचा पहिला शाही प्रयोग ठरला. गुत्त्याच्या मागच्या खोलीतली कला थेट राजाच्या पुढ्यात! हॅरी लॉडर, जॉर्ज रोबी, लिटल टिच, सगळी बडी मंडळी यादीत. मारी नाही. कारण उघड होतं: राजाच्या कानावर काय पडेल सांगता येत नाही. संपाचा राग किती आणि शालीनतेची काळजी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं; मला पहिल्याचं पारडं जड वाटतं. तर अशी चाळून, गाळून, निवडून तयार केलेली ती शुद्ध मैफल. तिच्यात व्हेस्टा टिली आली, पुरुषी वेश करून गाणारी फार मोठी कलाकार, चारित्र्याला कुठे डाग नाही, गाण्यात वावगा शब्द नाही. आणि सांगतात की तिची पँट पाहून राणीने कार्यक्रमपत्रिका डोळ्यांसमोर धरली. निवड करणाऱ्यांनी मारीचा डोळा टाळला आणि पँट पास केली! त्या रात्री मारीने दुसरीकडे आपला खेळ लावला आणि जाहिरात केली की आपला प्रत्येक प्रयोग शाही आज्ञेवरूनच असतो, आज्ञा ब्रिटिश जनतेची. हा किस्साही थोडा घोटीव वाटतो, पण वृत्ती तिचीच.

तिच्या घरचं सांगायला मला फार आवडत नाही, पण शेवटच्या गाण्यासाठी सांगावं लागेल. सतराव्या वर्षी पर्सी कोर्टनीशी लग्न, एक मुलगी, आणि मारहाण. दुसरा नवरा अ‍ॅलेक हर्ली, गायक, भला माणूस, पण तेही तुटलं. मग बर्नार्ड डिलन, १९१० ची डर्बी जिंकलेला जॉकी, तिच्याहून बराच लहान. १९१३ मध्ये ही दोघं नवराबायको म्हणून अमेरिकेला गेली. लग्न झालेलं नाही हे कळल्यावर अधिकाऱ्यांनी नैतिक अधःपतनाच्या कारणावरून त्यांना एलिस बेटावर अडकवून ठेवलं. हर्ली वारल्यावर १९१४ मध्ये लग्न झालं. डिलन दारूडा निघाला, मारायचा. १९२० मध्ये प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि ती वेगळी झाली. एव्हाना तीही प्यायला लागली होती. कमावलेले पैसे, आणि तिने फार कमावले, कुणाला ना कुणाला वाटून संपत होते.

आणि तिची सगळ्यात चांगली गाणी याच काळातली आहेत. १९१९ चं ‘डोन्ट डिली डॅली’ घ्या. हातात पक्ष्याचा पिंजरा घेऊन ती यायची. भाडं थकलंय, म्हणून कुटुंब रात्रीतून बिऱ्हाड हलवतंय. सामान भरलेल्या गाडीबरोबर नवरा पुढे गेलाय, बायको पिंजरा घेऊन मागून चालतेय, वाटेत एक घोट घ्यायला थांबते आणि रस्ता चुकते. आता आपलं नवं घर कुठलं, तेच तिला माहीत नाही. लंडनच्या चाळींतल्या अर्ध्या प्रेक्षकांनी ते बिऱ्हाड हलवलेलं होतं. ते हसत हसत धृपद गात होते.

शेवटचं गाणं १९२० चं. त्यात एक प्रौढ मोलकरीण जुन्या मठाचे भग्नावशेष पाहायला जाते. हे सतराव्या शतकातल्या क्रॉमवेल नावाच्या सेनापतीने मोडलंय, असं तिथे सांगतात. बाई मग ‘क्रॉमवेल आर्म्स’ नावाच्या गुत्त्यात जाते, नको तेवढी पिते, आणि बाहेर पडताना म्हणते, क्रॉमवेलने मोडलेल्या अवशेषांतली मीही एक. ‘मोडलेल्या’साठी इंग्रजीत जो शब्द आहे तो बायकोला बडवण्यासाठीही वापरतात. मारी ते गात होती तेव्हा तिच्या अंगावरचे वळ सगळ्या लंडनला ठाऊक होते.

कवी टी. एस. एलियट तिचा चाहता होता. एलियट म्हणजे ज्याचं नाव घेतलं की आपल्याकडे साहित्यिक आवाज खाली आणतात, तोच. तिच्या मृत्यूनंतर त्याने लेख लिहिला. त्यात त्याने या गाण्यातली एक गोष्ट टिपलीय. ती मोलकरीण आपल्या पिशवीत काहीतरी शोधते. एलियट म्हणतो, या गाण्याची गंमत कळायला अशा बाईच्या पिशवीत काय काय वस्तू असतात, ती त्या कशी चाचपते, आणि एकेक वस्तू हाताला लागल्यावर कुठल्या सुरात तिचं नाव घेते, हे ठाऊक असायला हवं. मारीला ते तंतोतंत ठाऊक होतं. मी हे वाचलं आणि आमच्या गल्लीतल्या धुणंभांडं करणाऱ्या मावशींची कापडी पिशवी आठवली: तंबाखूची चंची, गाठ मारलेला रुमाल, त्यात नाणी, रेशनकार्डाची झेरॉक्स, लेकाच्या औषधाची चिठ्ठी. शोधायला लागल्या की आधी नको ते सगळं बाहेर येतं, आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक “हे नव्हं”.

माननीय सदस्यहो, त्या पिशवीची संहिता मला करून दाखवा. प्रॉम्प्टरच्या प्रतीत तिथे एकच ओळ असते, कंसात: ‘पिशवीत शोधते’.

४ ऑक्टोबर १९२२. लंडनच्या उत्तरेला एडमंटनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये मारी हेच गाणं म्हणत होती. प्रकृती पार ढासळलेली, येऊ नको म्हणत असताना आलेली. ती लडखडायला लागली. दारूबंदीची गाणी म्हणून सुरुवात केलेली पोर आता दारूड्या बाईच्या सोंगात झोकांड्या देत होती, आणि ते सोंग नव्हतं. प्रेक्षक हसत होते. त्यांना वाटलं, काय बेमालूम करतेय. ती कोसळली तेव्हाही हसले. तिसऱ्या दिवशी, ७ ऑक्टोबरला, ती गेली. वय बावन्न. १२ तारखेच्या अंत्ययात्रेला पन्नास हजारांवर माणसं आली.

त्या रात्री एडमंटनच्या विंगेत कुणी प्रॉम्प्टर असता तर त्याच्या कागदावर सगळं बरोबर चाललं होतं. एक ओळ चुकली नव्हती.

तर माझा प्रश्न असा. तुम्ही जे वाचता, ते नेमकं काय वाचता? आणि विनंती अशी, की संहिता आधी मागवणं थांबवा. कायदा बदलणं तुमच्या एकट्याच्या हाती नाही हे मला कळतं, पण शासनाला तसं लिहून कळवणं तुमच्या हाती आहे, आणि तुमच्यात रंगभूमीवर हयात घालवलेली माणसं आहेत. त्यांना हे मी सांगायला नकोच होतं. कुणाची बदनामी झाली, कुणी दंगल भडकवली, तर त्यासाठी न्यायालयं आहेत, कायदे आहेत, आणि ते प्रयोग झाल्यावर पाहता येतं. तोवर पाहायचंच असेल तर तिकीट काढून पाहा.

दिवाळीनंतर आमच्या संस्थेचं नवं नाटक येतंय, भावे नाट्यमंदिरात. मी आता प्रॉम्प्टिंग करत नाही, गुडघे त्या स्टुलावर बसू देत नाहीत, पण तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवीन. दुसऱ्या अंकात चहाचा प्रवेश आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रॉम्प्टर
सांगली